सही कोणाची? वायरमन ते इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज बोलायचंय लाइट फिटिंगच्या धंद्याबद्दल. स्वतःच्या नावाने इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर कसं व्हायचं, त्याबद्दल. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण माझा मामेभाऊ या कामात आहे. त्याच्यासाठी नियम वाचत बसलो होतो, त्यातलं कामाचं तेवढं तुम्हाला सांगतो.

आधी चित्र बघा. नवीन घराचं फिटिंग कोण करतं? भिंत कापून पाइप टाकणारा, वायर ओढणारा, बोर्ड भरणारा एक पोरगा असतो. हातात कला असते, आठ-दहा वर्षं काम केलेलं असतं. पण महावितरणकडे नवीन कनेक्शन मागताना टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि त्यावर सही लागते परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरची. म्हणजे काम याचं, सही त्याची, आणि सहीचे पैसे वेगळे. कधी कधी तर सही करणाऱ्याने साइट बघितलेलीही नसते!

तुम्ही म्हणाल, ही नुसती कागदाची भानगड आहे. तसं नाहीये. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमध्ये नियम ४५ होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा नियम आले, मग २०२३ चे. पण मूळ गोष्ट तीच राहिली: विजेच्या कामाला तीन माणसं लागतात. लायसन्स असलेला कॉन्ट्रॅक्टर, सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर आणि परमिट असलेला वायरमन. कॉन्ट्रॅक्टरने काम घ्यायचं, सुपरवायझरने समोर उभं राहून करून घ्यायचं, वायरमनने हाताने करायचं.

मग साधा बल्ब बदलायलाही परवाना लागतो का? नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरातलं एखादं उपकरण आहे तसंच बदलायला सूट आहे. अट एकच, मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जुना पंखा काढून नवा लावला, चालेल. एसीसाठी बोर्डापासून नवीन लाइन ओढली, की नियम लागू.

आता रस्ता. महाराष्ट्रात याला सगळे 'पीडब्ल्यूडी लायसन्स' म्हणतात, पण ते देतं राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ. पहिली पायरी वायरमन परमिट. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड, दोन वर्षांचा, हा त्याचा सरळ मार्ग. दुसरी पायरी सुपरवायझर. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री असेल तर इथे लवकर पोचता येतं, नाहीतर अनुभव आणि परीक्षा. माझं बीटेक कम्प्युटरचं, त्याचा इथे उपयोग शून्य!

तिसरी पायरी कॉन्ट्रॅक्टर. इथे एक गोष्ट नीट ऐका. सुपरवायझर प्रमाणपत्र तुमचं स्वतःचं नसेल, तर तसा माणूस कामावर ठेवून लायसन्स घेता येतं. पण मग तुमचा धंदा त्या माणसावर उभा असतो. तो सोडून गेला, की मंडळाला कळवा आणि दुसरा शोधा. म्हणून माझं मत असं, की धंदा टिकवायचा असेल तर सुपरवायझर प्रमाणपत्र स्वतःचंच काढा.

लायसन्ससाठी तपासणीची साधनंही लागतात. मेगर आणि अर्थ टेस्टर ही त्यातली मुख्य. मेगर कशासाठी? घरगुती फिटिंगवर ५०० व्होल्ट देऊन वायरचं इन्सुलेशन तपासतात, आणि ते किमान १ मेगाओहम भरावं लागतं. टेस्ट रिपोर्टवर लिहायचा आकडा तो हा. तो मोजून लिहायचा असतो, अंदाजाने नाही.

काही गोंधळ आत्ताच मिटवून टाकू. उद्यम नोंदणी फुकट होते, आधारवर होते, पण ती धंद्याची नोंद आहे. त्यावर वायरिंग करायचा हक्क मिळत नाही. शॉप ॲक्टचंही तेच. कौशल्य योजनेतलं आरपीएल प्रमाणपत्र चांगलं आहे, तुम्हाला काम येतं हे ते सांगतं, पण तेही लायसन्स नव्हे. आणि सरकारी टेंडर भरण्यासाठी ठेकेदार म्हणून जी नोंदणी करावी लागते, ती तर आणखी वेगळी.

आता मुद्द्याचं. लायसन्स म्हणजे सही करायचा हक्क. आणि सही म्हणजे जबाबदारी. आमच्या क्षेत्रात चुकीचा कोड गेला तर बहुतेक वेळा रात्री जागून दुरुस्त करतो. इथे अर्थिंग नसलेल्या गिझरला ओल्या हाताने कोणीतरी शिवतं. त्यानंतर दुरुस्त करायला काही उरत नाही. चौकशीत पहिला कागद निघतो टेस्ट रिपोर्ट, आणि त्यावर नाव असतं सही करणाऱ्याचं. पैसे घेऊन न बघता सही देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आणि सही विकत घेणाऱ्या पोरांनीसुद्धा, कारण दहा वर्षं काम करूनही त्यांच्या नावावर एक काम लागत नाही.

तेव्हा या धंद्यात असाल तर तीन गोष्टी आजच सुरू करा. एक, ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम करता त्याच्याकडून अनुभवाचं पत्र तारखांसकट वेळच्या वेळी घ्या. भांडण झाल्यावर ते मिळत नाही. दोन, आयटीआयची मार्कशीट, अप्रेंटिसशिपचे कागद, परमिट, सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. तीन, परमिटची मुदत कधी संपते त्याचा रिमाइंडर लावा.

आणि तुम्ही ग्राहक असाल, तर फिटिंग करून घेताना एवढंच विचारा: "दादा, टेस्ट रिपोर्टवर सही कोण करणार? तो माणूस साइटवर येणार का?" उत्तरावरून बरंच कळतं.

हा भाग तुमच्या ओळखीच्या एका तरी वायरमनला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!