ताटातलं इंद्रधनुष्य

आमच्या बचत गटातल्या आम्ही काही जणी सुट्टीच्या दिवशी मुलांना जमवून प्रकाशाचे प्रयोग करतो. त्यातला एक आज सांगतो. खर्च काहीच नाही.

पसरट ताटात पाणी भरून उन्हात ठेवा. त्यात छोटा आरसा तिरका टेकवा. पाण्यात बुडालेल्या भागावर ऊन पडलं पाहिजे. त्याचा कवडसा सावलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. पाणी स्थिर झालं की रंगांचा पट्टा दिसतो: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. मुलांना आधीच बजावा, सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे बघायचं नाही.

हे रंग आले कुठून? ते उन्हातच होते. पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना प्रकाश वाकतो. तांबडा सगळ्यांत कमी वाकतो, जांभळा सगळ्यांत जास्त, म्हणून ते वेगळे होतात. न्यूटनने १६६६ च्या सुमारास काचेच्या लोलकाने हेच केलं. सुटे झालेले रंग पुन्हा एकत्र आणले, तर पांढरा प्रकाश मिळाला.

मग मुलांना विचारा, लाल साडी लाल का? ती लाल प्रकाश परत पाठवते, बाकीचा बराचसा शोषून घेते. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा रंग कमी असतो, म्हणून गडद निळी साडी तिथे काळी भासते. आपण साडी दुकानाबाहेर नेऊन बघतो, ते विज्ञानच आहे!

आता महत्त्वाचं. पट्टा बघताना एखादं मूल म्हणेल, "मला एवढे रंग दिसत नाहीत." त्याला हसू नका. काही मुलांना जन्मापासून लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. झाडावरची पिकलेली मिरची त्यांना पटकन सापडत नाही, चित्रात पानं तपकिरी रंगवली जातात. लोक म्हणतात, लक्ष नाही, मठ्ठ आहे. मार बसतो. पण बुद्धीचा इथे संबंधच नाही.

हा प्रकार मुलग्यांत जास्त आढळतो. बहुधा तो आईकडून येतो, तिला स्वतःला रंग नीट दिसत असले तरी. म्हणून सुनेला बोल लावू नका. नाकाचा आकार येतो तसंच हे येतं, त्यात दोष कुणाचा?

जन्मजात असेल तर त्यावर औषध नाही; कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांतले आकडे वाचायला लावून तपासणी होते. ती लवकर करून घ्या. रेल्वे इंजिन चालवण्याच्या नोकरीला किंवा सैन्यभरतीला रंगदृष्टी तपासतात. वर्षानुवर्षं तयारी करून ऐन वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

शाळेतल्या बाईंनाही सांगा. नकाशात "लाल रेघ बघ" म्हणण्यापेक्षा "वरची रेघ बघ" म्हटलं, की ते मूलही सगळ्यांबरोबर शिकतं.

या रविवारी ताट, पाणी आणि आरसा घ्या. गल्लीतल्या मुलांना बोलवा, मुलींना पुढे बसवा, आणि प्रत्येकाला काय दिसलं ते नीट ऐकून घ्या.