गिल्बर्ट बेकर यांचे शिवणकाम



कलाशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. रिक्त पदे आणि वेळापत्रकात आक्रसत चाललेले चित्रकलेचे तास यांविषयीचे ठराव पुढच्या सत्रात येणारच आहेत. मी आज एका कलावंताविषयी बोलणार आहे. मुलांना कला का शिकवायची, या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर मला गिल्बर्ट बेकर यांच्या कामात दिसते.

समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा तुम्ही पाहिलाच असेल. तो बेकर यांच्या कल्पनेतून आला. १९५१ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका लहान गावात त्यांचा जन्म झाला. आजीचे बायकांच्या कपड्यांचे दुकान होते. १९७० मध्ये ते सैन्यात गेले आणि त्यांची नेमणूक सॅन फ्रान्सिस्कोला झाली. त्या शहरात समलिंगी माणसे आपले हक्क उघडपणे मागू लागली होती. सैन्यातून मुक्त झाल्यावर बेकर तिथेच राहिले, शिवण शिकले आणि मोर्चांसाठी कापडी फलक शिवू लागले. चळवळीला त्यांनी स्वतःजवळचे कसब दिले.

तोवर या समाजाची ओळख म्हणून गुलाबी त्रिकोण वापरला जाई. नाझींनी छळछावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर लावलेली ती खूण. मारेकऱ्यांनी दिलेल्या खुणेऐवजी स्वतः निवडलेली, आनंदाची खूण हवी, असे बेकर यांना वाटे. १९७८ मध्ये ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या एका केंद्राच्या माळ्यावर सुमारे तीस स्वयंसेवक जमले. कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत रंग कालवून त्यांनी मांजरपाट रंगवला, वाळवला, इस्त्री केली. रंगाईत लिन सेगरब्लोम यांचा आणि शिवणात जेम्स मॅकनमारा यांचा मोठा वाटा होता. ही नावे बेकर यांच्या नावाबरोबर घेतलीच पाहिजेत. २५ जून १९७८ रोजी दोन प्रचंड झेंडे वर चढले.

त्या झेंड्याला आठ पट्टे होते. तांबडा जीवनाचा, नारिंगी बरे होण्याचा, पिवळा सूर्यप्रकाशाचा, हिरवा निसर्गाचा, अशी प्रत्येक रंगाची योजना होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहराचे उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची हत्या झाली आणि झेंड्याची मागणी एकदम वाढली. गडद गुलाबी कापड बाजारात तयार मिळेना, म्हणून तो पट्टा गळला. पुढे निळ्या-हिरव्या छटेचा आणखी एक पट्टा वगळला गेला आणि सहा राहिले. रंगांचा अर्थ आणि कापडाची उपलब्धता या दोन्हींतून एक रचना कशी घडते, हे वर्गात शिकवण्याजोगे उदाहरण आहे.

बेकर यांनी या झेंड्यावर मालकी सांगितली नाही, ट्रेडमार्क घेतला नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी केलेला मैलभर लांबीचा झेंडा हजारो लोकांनी हातांनी धरून नेला. २०१५ मध्ये तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाने हा झेंडा आपल्या संग्रहात घेतला. २०१७ मध्ये बेकर गेले. पुढच्याच वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा भारतभर हेच रंग फडकले. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. कलाकृती आपली म्हणून जपण्याचा मोह सोडला, तरच ती इतक्यांची होऊ शकते, अशी माझी श्रद्धा आहे.

मित्रहो, आपल्या वर्गात शिवणाची, रांगोळीची, कापडाची ओढ असलेला मुलगा असतो. त्याला चिडवले जाते आणि बऱ्याचदा आपण ऐकून न ऐकल्यासारखे करतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची ग्रेड त्याला जरूर मिळवून द्या. पण त्याआधी त्याच्या बाजूने वर्गात उभे राहा. चिडवणे तिथल्या तिथे थांबवा. त्याच्या हातात सुई द्या, मुलींच्या हातात हातोडी द्या. प्रत्येक शाळेत कलेचा तास हा कुणालाही न घाबरता बसता येईल असा तास असावा, असा ठराव या संमेलनाने एकमताने करावा, अशी मी अध्यक्ष या नात्याने विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.