चालू कामात स्विचची आज्ञावली बदलणे

(जालना जिल्ह्यातील केंद्रप्रमुख व संगणक सांभाळणारे शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



गटसाधन केंद्रातील कपाटावर, बहुधा धूळ खात, एक चपटी पेटी असते. सर्व संगणकांच्या तारा तिच्यात येऊन मिळतात. तिला स्विच म्हणतात. कोणता निरोप कोणत्या तारेने पाठवावयाचा हे ती ठरविते, आणि ते कसे ठरवावे हे सांगणारी आज्ञावली तिच्या पोटात असते. या आज्ञावलीत कालांतराने दोष उघडकीस येतात, परक्यास आत शिरावयास वाट सापडते. म्हणून निर्माते सुधारलेली आवृत्ती देतात. ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ हे आपल्याकडील आवडते धोरण. मला ते मान्य नाही.

मात्र त्यामागील भीती खोटी नाही. नवी आज्ञावली अमलात यावयाची तर साधा स्विच बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा लागतो, आणि तेवढी मिनिटे त्यावरील प्रत्येक संगणक मुका होतो. यू-डायसची माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातील एखाद्या खेड्याहून मुख्याध्यापिका येऊन बसलेल्या असतील, तर त्यांची परतीची एस.टी. चुकते. मिनिटे मोजताना हेही मोजावे.

मुंबईच्या लोकल गाड्या पाहा. तेथे १९२५ साली १५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर विजेची गाडी सुरू झाली. पुढे त्या जागी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणावयाचा ठरला. लाखोंची ये-जा थांबविणे शक्यच नव्हते. तेव्हा दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि मार्गाचा एकेक टप्पा बदलत नेला. पश्चिम रेल्वेचे हे काम २०१२ मध्ये व मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ मध्ये पुरे झाले.

आपल्या कामाचाही मोठा भाग स्विच चालू असतानाच उरकता येतो. नवी आवृत्ती निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी, सोबत दिलेल्या पडताळणी-संकेताशी ती जुळते का पाहावे आणि स्विचच्या स्मृतीत उतरवून ठेवावी. चालू मांडणीची नक्कल दुसऱ्या संगणकावर जपावी. स्मृतीत जागा असेल तर जुनी आवृत्ती पुसू नये. परतीची वाट तीच. दोन स्विच असून महत्त्वाच्या यंत्रांच्या तारा दोहोंत असतील, तर एका वेळी एकच बदलावा. एकच स्विच असेल तेथे खंड अटळ आहे. तो कचेरी सुटल्यावर घ्यावा व त्याची वेळ आधी लेखी कळवावी.

आज्ञावली लिहिली जात असताना वीज गेली, तर पेटी निकामी होण्याचा धोका असतो. आपल्या गावी वीज केव्हा जाते हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक! यू.पी.एस.ची बॅटरी आदल्या दिवशीच तपासावी.

पेटी सुरू झाल्यावर केवळ हिरवे दिवे पाहून कुलूप लावू नये. प्रत्येक खोलीतील एक संगणक उघडून पाहावा, छपाईयंत्रावर एक कागद काढावा. ठरल्या वेळेत जमले नाही, तर रात्रभर शोधाशोध न करता जुन्या आवृत्तीवर परत यावे, म्हणजे सकाळी आलेल्यांचे काम अडणार नाही.