आपल्या गल्लीत किती पडला?
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि आरतीची वेळ पुढे ढकलता येणार नाही असंही बजावलं आहे. या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. मी मिरजेहून डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ, स्लीपर आणि खडी यांत वीस वर्षं काढलेला माणूस. त्यामुळे विषयही माझ्या कामाच्या जवळचाच घेतला आहे. चेन्नईच्या पावसावर लिहिणाऱ्या हौशी माणसांविषयी, म्हणजे इथल्या हवामान-ब्लॉगरांविषयी मी बोलणार आहे.

आधी आपल्या घरातली गोष्ट. जुलैत गावाकडून फोन येतो, "पाऊस कसा आहे तिकडे?" आपण पंख्याखाली घाम पुसत असतो. इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून जास्त हिस्सा या तीन महिन्यांत पडतो. आपली सगळी पावसाळी शिकवण, म्हणजे मृग, आषाढ, श्रावणसरी, इथे उपयोगाची नाही. आपण गणपती विसर्जन करून पट्टिनपाक्कमच्या समुद्रावरून परत येतो तेव्हा महाराष्ट्रातला पाऊस उतरणीला लागलेला असतो, आणि इथला अजून यायचा असतो. इथे दहा-पंधरा वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही हे अंगवळणी पडत नाही.

आता ही माणसं कोण? 2004 च्या सुमारास इंटरनेटवर स्वतःची पानं लिहिण्याची लाट आली. चेन्नईत ती जोरात होती. इंग्रजीत लिहिणारे होते आणि तमिळमध्ये त्याहून उत्साहाने लिहिणारे होते. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा मुंबईतल्या काही ब्लॉगरांनी त्याच दिवशी मदतीची माहिती एकत्र करणारा ब्लॉग उघडला, आणि कुठे काय हवं आहे याची माहिती त्यावर ठिकठिकाणचे लोक टाकू लागले. सप्टेंबर 2006 मध्ये इथल्या टायडेल पार्कमध्ये दोन दिवसांचं ब्लॉगकॅम्प भरलं होतं. त्या काळातले सिनेमा, हॉटेल, ऑफिसातल्या तक्रारी यांवर लिहिणारे बहुतेक जण पुढे थंडावले. लग्नं झाली, बदल्या झाल्या, फेसबुक आलं. पावसावर लिहिणारे मात्र टिकले. माझ्या मते कारण सोपं आहे. मत संपतं, पाऊस दरवर्षी येतो. आणि त्याचा आकडा उद्या सकाळी खरा-खोटा ठरतो.

'केआ वेदर' हा ब्लॉग त्यांचा जुना अड्डा. पावसाच्या रात्री तिथे वाचक आपापल्या भागाची खबर टाकत बसतात. अंबत्तूरला गडगडतंय, अण्णानगरला थेंब नाही, तांबरमला वीज गेली. याच वर्तुळातून पुढे आलेलं सर्वांत माहितीचं नाव म्हणजे प्रदीप जॉन, 'तामिळनाडू वेदरमन'. ते हवामानशास्त्राचे पदवीधर नाहीत. नगरविकासाच्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या संस्थेत त्यांची नोकरी आणि पाऊस हा छंद. आज पाऊस म्हटलं की इथला रिक्षावालासुद्धा त्यांचं नाव घेतो. 'चेन्नई रेन्स' नावाने लिहिणारा दुसरा गटही असाच.

यांची हत्यारं काय? आपल्या सर्वांना उपलब्ध असलेलीच. चेन्नई बंदरात हवामान खात्याचं डॉप्लर रडार 2002 पासून आहे. त्याची चित्रं इंटरनेटवर दिसतात. युरोपियन आणि अमेरिकन संगणकी अंदाज बघायला मिळतात. याशिवाय जुने आकडे आणि काहींच्या गच्चीवर स्वतःचं पर्जन्यमापक. ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमके आपल्या गणपतीच्या दिवसांत, दुपारच्या उकाड्यानंतर वेल्लूर-तिरुपतीकडे ढग बांधले जातात आणि संध्याकाळी पूर्वेला, समुद्राकडे सरकतात. रडारवर लाल-पिवळा पट्टा हलताना दिसतो. ही मंडळी तो बघून सांगतात की अर्ध्या-पाऊण तासात अमुक भागात येईल. कधी तो अवाडीपर्यंत येऊन विरतो. मग शहरभर हळहळ. आपल्याकडे क्रिकेटची मॅच हरल्यावर होते तशीच.

या शहराला पाऊस मोजायची खोड जुनी आहे. नुंगमबाक्कमची वेधशाळा 1792 ची. आणि रेल्वेवाल्यांनी हे लक्षात ठेवावं की 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू होण्याआधी देशातल्या गाड्या याच वेधशाळेच्या 'मद्रास टाइम'वर धावत होत्या. हे विषयाला सोडून झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता 2015. इथे बसलेल्या अनेकांनी ते भोगलं आहे. नोव्हेंबरभर पाऊस कोसळत होता. नुंगमबाक्कमला त्या एका महिन्यात हजार मिलिमीटरच्या वर नोंद झाली. तलाव भरले, जमीन पाणी प्यायची थांबली. मग 1 डिसेंबरचा दिवस. 2 तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत तांबरमला 49 सेंटिमीटर, चेंबरमबाक्कमला 47, आणि नुंगमबाक्कमला 29. तांबरम आणि नुंगमबाक्कम, आपल्या एकाच लोकल मार्गावरची दोन स्टेशनं! एकीकडे 49, दुसरीकडे 29. त्या रात्री चेंबरमबाक्कम तलावातून 29,000 क्युसेक्सपर्यंत पाणी सोडलं गेलं आणि अड्यार नदी लोकांच्या घरांत शिरली. विमानतळ बंद पडला. 'द हिंदू' हे दैनिक 1878 पासून कधी थांबलं नव्हतं, ते 2 डिसेंबरला छापता आलं नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोचू शकले नाहीत.

विचार करा, वर्तमानपत्र नाही, वीज नाही, टीव्ही नाही. ज्यांच्या मोबाइलमध्ये थोडी बॅटरी होती त्यांच्या हातात काय होतं? या हौशी लोकांच्या चार-चार ओळी. आता ढग कुठे आहेत, पुढचे दोन तास काय, कोणत्या बाजूला जोर आहे. मुडिचूरला राहणारे आमचे एक सहकारी 30 तारखेपासून ते वाचत होते. 1 तारखेला दुपारी त्यांनी आईला, गॅसच्या सिलिंडरला आणि कागदपत्रांच्या पिशवीला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं. खालच्या खोलीत रात्री छातीपर्यंत पाणी होतं. म्हातारी माणसं अंधारात, पाण्यातून जिना चढू शकत नाहीत. दुपारी चढू शकतात. फरक एवढाच, पण तो सगळा फरक आहे.

त्याच आठवड्यात दुसरंही झालं. नासाच्या नावाने एक निरोप फिरला की चेन्नईवर 250 सेंटिमीटर पाऊस पडणार. आपल्या मराठी मंडळींतही तो फिरला, आणि पुण्या-कोल्हापूरहून "ताबडतोब निघून या" असे फोन सुरू झाले. निघायचं कसं, गाड्याच रद्द होत्या! या ब्लॉगरांनी तेव्हा ती अफवा खोडून काढायचं काम केलं. अंदाज सांगण्यापेक्षा मला हे काम मोठं वाटतं. भ्यालेल्या माणसाला आकडा देऊन शांत करायला धीर लागतो आणि विश्वास आधी कमावलेला असावा लागतो. तो त्यांनी कोरड्या दिवसांत, कोणी बघत नसताना, रोजचे आकडे लिहून कमावला होता.

इथे कोणी विचारेल, आणि आमच्या ऑफिसातही विचारतात, की मग हवामान खातं कशाला? रेल्वेचा माणूस म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. गाडी थांबवायची की सोडायची हे कंट्रोलला येणाऱ्या अधिकृत सूचनेवर आणि पुलाखाली मोजलेल्या पाण्यावर ठरतं, ब्लॉगवर नाही, आणि ते तसंच राहिलं पाहिजे. खात्याला लाखो लोकांची आणि समुद्रात गेलेल्या कोळ्यांची जबाबदारी घेऊन बोलावं लागतं. एस. आर. रमणन टीव्हीवर येऊन सांगत तेव्हा शाळकरी पोरं सुट्टीच्या आशेने त्यांच्याकडे डोळे लावून बसत. 2016 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा शहराला घरचा माणूस गेल्यासारखं वाटलं. ब्लॉगरसुद्धा खात्याच्याच रडारवर आणि आकड्यांवर उभे आहेत हे विसरू नये. पण खातं जिल्हा सांगतं, हे गल्ली सांगतात. आमच्याकडे इंजिनिअर ट्रॉलीवरून तपासणी करतो, तरी की-मन रोज आपल्या बीटमध्ये पायी चालतोच ना? कोणती चावी सैल आहे ते त्यालाच दिसतं.

4 डिसेंबर 2023 ला मिचाँग वादळात बेसिन ब्रिज आणि व्यासरपाडीच्या मधल्या 14 नंबरच्या पुलाखाली पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं आणि सेंट्रलच्या गाड्या रद्द कराव्या लागल्या. तेव्हा स्टेशनवर अडकलेल्या आपल्या मराठी प्रवाशांचे फोन मला येत होते. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, पाऊस कधी थांबेल? पुलाचं मी सांगू शकत होतो. पावसासाठी मीही त्याच पानांकडे बघत होतो.

पाऊस जास्त झाला की सगळे बोलतात. ही मंडळी न पडलेल्या पावसाबद्दलही लिहितात, म्हणून मला त्यांचा आदर आहे. पूंडी, चोळवरम, रेडहिल्स आणि चेंबरमबाक्कम या तलावांत किती पाणी उरलं आहे हे ते मांडत असतात. 2019 च्या उन्हाळ्यात ते आकडे शून्याकडे गेले. 12 जुलै 2019 ला जोलारपेट्टैहून पाण्याची गाडी विल्लिवाक्कमला आली, 50 वाघिणी, सुमारे 25 लाख लिटर. आम्ही रेल्वेवाले अभिमानाने फोटो काढत होतो. मला मात्र 2016 ची मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आठवत होती. माझ्या शिक्षणाच्या गावातून निघालेली गाडी आणि माझ्या नोकरीच्या गावात आलेली गाडी, तीन वर्षांच्या अंतराने.

आता एक साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. समजा तुमच्या इमारतीची गच्ची शंभर चौरस मीटर आहे. तांबरमचा तो 49 सेंटिमीटरचा एक दिवस त्या गच्चीवर 49 हजार लिटर टाकून गेला. म्हणजे त्या पाण्याच्या गाडीची जवळजवळ एक पूर्ण वाघीण. एका गच्चीवर, एका दिवसात! आणि चार वर्षांनी आपण बादली घेऊन टँकरमागे उभे. गच्चीचं पाणी जमिनीत मुरवणं इथे 2003 पासून सक्तीचं आहे. तुमच्या इमारतीतला तो पाइप गाळाने बुजला आहे की नाही, हे घरी गेल्यावर टॉर्च घेऊन बघा.

या मंडळींकडून आपण काय घ्यावं? सगळ्यांनी ब्लॉग लिहावा असं मी म्हणत नाही. पण आपले लोक या शहरात विखुरलेले आहेत. सावकारपेठेत सोनं गाळणारे खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, अयनावरम-पेरंबूरला आम्ही रेल्वेवाले, वेळचेरी आणि पल्लिकरणैला कॉम्प्युटरवाली तरुण मुलं. शिवाय तंजावरकडून आलेली, आपल्याही आधी तीन शतकं इथली झालेली मराठी कुटुंबं. एवढ्या ठिकाणी आपली माणसं असताना पावसात मंडळाकडे काय माहिती असते? "ऐकलं की तिकडे खूप पाणी आहे." हे ऐकीव बंद व्हावं.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. दहा भागांत दहा घरं. प्रत्येक घरी गच्चीवर, झाड आणि भिंत यांपासून दूर, सरळ उभ्या बाजूंचा एक डबा. निमुळती बाटली चालणार नाही. डबा सरळ असला की तोंड लहान-मोठं असलं तरी चालतं, पट्टी उभी धरून आतलं पाणी मिलिमीटरमध्ये वाचायचं. वेळ सकाळी साडेआठ, कारण खात्याचे चोवीस तास तेव्हा मोजले जातात आणि मगच आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतो. आकडा वहीत लिहायचा, डबा रिकामा करायचा. पडला नाही तर शून्य लिहायचं. जागा कोरी सोडायची नाही. आमच्या लॉगबुकातही कोरी जागा ही सगळ्यांत वाईट नोंद समजतात.

त्याच वहीत शेवटच्या पानावर त्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्या आपल्या वृद्ध माणसांची नावं, आणि वरच्या मजल्यावरचं कोणतं दार त्यांच्यासाठी उघडेल ते. ही विचारपूस ऑक्टोबरच्या आत करायची आहे. शेजारी बहुतेक तमिळ असतील, तेव्हा तमिळमध्ये विचारावं लागेल. मुलांना सोबत न्या, त्यांना येतं.

आठ घरांनी नावं दिली आहेत. मुडिचूर आणि मणली इथलं कोणी अजून पुढे आलेलं नाही. त्या भागातले जे इथे असतील त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाजवळ मला भेटावं. डबे मी वर्कशॉपजवळच्या दुकानातून घेऊन ठेवले आहेत, आणि पट्ट्यासुद्धा.