अश्वांचा अंतर्गळ आणि निर्लांछन कर्म

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कोन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. कोनच्या पूर्वेस, प्रबळगडापलीकडे, माथेरानवर आजही माणसे व सामान घोडे वाहतात. तरीही जीवदयेचा विषय निघाला म्हणजे गाय आणि कबूतर यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही. म्हणून घोड्याच्या एका व्याधीचा विचार येथे प्रस्तुत आहे.

ती व्याधी अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची. नर घोड्याच्या जांघेत दोन्ही बाजूंस एकेक वाट असते. तीतून वृषणाच्या रक्तवाहिन्या उतरतात. शिंगराला जन्मतः अंतर्गळ असला तर तो बहुधा काही महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. प्रौढ घोड्याची गोष्ट निराळी. लहान आतड्याचा वेढा एकाएकी त्या वाटेत उतरतो, आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो. घोडा घामाने निथळतो, वेदनेने लोळतो. काही तासांत उपाय झाला नाही तर आतडे सडते व मुका जीव तडफडून जातो. वाचला तरी पुन्हा तेच होण्याची भीती राहतेच.

यावर जुना उपाय म्हणजे वृषण काढून वाट शिवून टाकणे. येथे श्रावकाने थांबून विचार करावा. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘निर्लांछन कर्म’ येते. पशूंना खच्ची करण्याचा धंदा त्यातच मोडतो. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांतही छेद आहे. प्राण वाचविण्यासाठी वैद्याने केलेला छेद आणि द्रव्यासाठी केलेला छेद एक नव्हेत, हे उघड आहे. पण अवयव राखूनही प्राण वाचत असेल तर?

तसा मार्ग निघाला आहे. २०१२ साली बेल्जियममधील पशुशल्यविशारदांनी दुर्बिणीतून, उभ्या घोड्यावर करावयाची पद्धत प्रसिद्ध केली. घोड्याला खोड्यात उभे करून गुंगीचे औषध देतात आणि कुशीची जागा बधिर करतात. लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत जातात. पोटाच्या आतील पातळ पडद्याचा एक पदर सोडवून तो त्या वाटेच्या तोंडावर पालथा घालतात व बारीक पिनांनी टाचतात. कापडाला भोक पडले तर शिंपी त्याच ठाणातील तुकडा लावतो, तसेच हे. काही शल्यविशारद त्याऐवजी कृत्रिम धाग्याची जाळी वापरतात. वृषण शाबूत राहते. पूर्ण भुलीचा धोकाही टळतो. तो लहान नाही, कारण पूर्ण भूल दिलेल्या घोड्यांपैकी शंभरात सुमारे एक दगावतो.

शस्त्रक्रियेपूर्वी वैरण बंद ठेवावी लागते. आतडी भरलेली असली तर दुर्बिणीतून काही दिसत नाही. अन्नपाननिरोध हाही अतिचारच ना, अशी शंका कोणी काढील. परंतु क्रोधाने वा लोभाने उपाशी ठेवणे वेगळे आणि रोग्याचे लंघन वेगळे.

मात्र ज्याला कधी त्रास झाला नाही अशा प्रत्येक घोड्याला शस्त्र लावावे, असा याचा अर्थ नव्हे. एकदा आतडे अडकून जो वाचला, त्याच्यासाठी हा उपाय आहे. तो खर्चाचा आहे, त्याला खास साधने व सराईत हात लागतात.

शेठ मोतीशा व सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पांजरापोळीत जनावर थकल्यावर वा टाकून दिल्यावर येते. जीवदया फंडातील काही रक्कम त्याआधीच्या उपचारासाठी ठेवावी, आणि केवळ पैशाअभावी खच्ची होऊ घातलेल्या घोड्याच्या मालकाला परळच्या तज्ज्ञांचा सल्ला मिळवून द्यावा, एवढी सूचना विश्वस्तांपुढे आहे.