मुरुडचा एक दिवस: जंजिरा की पद्मदुर्ग?



मुरुडच्या समुद्रात दोन जलदुर्ग आहेत.
हाताशी एकच दिवस आहे.
मग जावं कुठं?

आधी भरती-ओहोटी विचारा.
मग बेट ठरवा.

पहिला, जंजिरा.
राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी मिळते.
हा सिद्दी राज्यकर्त्यांचा किल्ला.
1948 साली त्यांचं संस्थान भारतात विलीन झालं, तोवर तो त्यांच्याकडंच होता.
महाद्वार जवळ जाईपर्यंत दिसत नाही.
आत कलाल बांगडी तोफ आहे.
भोवती खारा समुद्र,
आणि आत गोड्या पाण्याचे तलाव!
उतरताना होडी हलते.
नावाड्याचा हात धरा.

दुसरा, पद्मदुर्ग.
यालाच कासा किल्ला म्हणतात.
सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो उभारला.
त्याच्या बुरुजाला कमळाच्या पाकळ्यांचा आकार आहे.
तटाजवळ उभे राहा.
खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजलेत.
सांध्यांतला चुना मात्र शाबूत आहे.
त्या काळच्या गवंड्यांना मनापासून दाद द्यावी, असं हे काम!
इथं नेहमीच्या होड्या नसतात.
आदल्या दिवशीच कोळी बांधवांशी बोलून ठेवा.
उतरण्याची जागा खडकाळ आहे.

तेव्हा मुलं, वडीलधारी बरोबर असतील,
तर जंजिरा.
पाय भक्कम असतील, समुद्र शांत असेल,
तर पद्मदुर्ग.

पावसाळ्यात मात्र दोन्हीकडं जाऊ नका.

पुन्हा सांगते,
आधी भरती-ओहोटी विचारा,
मग बेट ठरवा.
नावाडी "आज नको" म्हणाला, तर त्याचं ऐका.
आणि किल्ल्यावर कचरा टाकू नका.