फोन करणारा माणूस

ओपीडीत मी रोज एक प्रश्न विचारतो: रात्री उशा किती लागतात? पेशंट आधी गोंधळतो, मग बरोबर येणारी बायको सांगते, "एक होती, दिवाळीपासून दोन झाल्या. आता भिंतीला टेकून बसूनच झोपतात." एवढ्यावर मला निम्मं कळलेलं असतं. माणूस आडवा झाला की पायांतलं पाणी छातीकडे सरकतं. थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलवत नाही, फुप्फुसं ओली होतात आणि दम लागतो. यालाच आम्ही हार्ट फेल्युअर म्हणतो. हृदय बंद पडतं असं त्या नावावरून वाटतं खरं. पण ते चालू असतं, रेटत असतं.

मग फाइल पुढे येते. "डॉक्टर, पंपिंग वीस टक्के आहे." टुडी इकोच्या रिपोर्टातला हा आकडा आता घरोघरी पोचलाय. लोकांना वाटतं, धडधाकट माणसाचं पंपिंग शंभर टक्के असणार. तसं नसतं. एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास रक्त बाहेर पडलं की हृदय उत्तम. वीस मात्र फारच कमी.

अशा माणसांचं पुढे काय होतं? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१३ साली तिथल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद केली आणि पाच वर्षं त्यांचा माग ठेवला. तेवढ्या काळात शंभरातले ५९ गेले. नोंदलेल्या रुग्णांचं सरासरी वय साठ-एकसष्ट. ज्यांचं पंपिंग कमी होतं, त्यांच्यापैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला घरी जाताना सगळी योग्य औषधं लिहून मिळाली होती. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशभरातल्या ५३ रुग्णालयांत अशीच नोंद केली. १०,८५१ रुग्ण, आणि नव्वद दिवसांत १४ टक्के मृत्यू. म्हणजे सातातला एक.

हे आकडे कुठल्या मशीनमधून निघत नाहीत. कुणीतरी बसून फोन करतं. डीएमच्या, म्हणजे हृदयरोगाच्या पुढच्या पदवीच्या, दिवसांत ते काम माझ्याकडे होतं. दोनशे पानी वही, थिसिससाठी पेशंटांचे नंबर, आणि रिचार्ज स्टायपेंडमधून. नंबर कधी पुतण्याचा निघे, कधी गावातल्या किराणा दुकानाचा. लोणंदजवळच्या एका गावी फोन लावला, तर सून म्हणाली, "मामंजी गेले." मी तारीख विचारली, कारण फॉर्मवर तारखेचा रकाना होता. ती म्हणाली, "माउलींची पालखी लोणंदहून हलली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." तिच्या लेखी ही तारीखच होती, आणि माझ्या फॉर्मपेक्षा पक्की. मी रद्दीतली वर्तमानपत्रं उपसून पालखीचं वेळापत्रक शोधलं आणि रकाना भरला. एका रकान्याला एक अख्खी दुपार. त्या दुपारचा पगार ड्यूटी म्हणून मिळत होता, आणि वॉर्डात माझं काम कुणी दुसरा रेसिडेंट ओढत होता.

आपल्याकडे तरुण डॉक्टरला संशोधनासाठी काहीच मिळत नाही, असं मी म्हणणार नाही. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी-शिष्यवृत्ती १९७९पासून आहे. थिसिसलाही मदत मिळते. २००८पासून केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून इंडिया अलायन्सच्या फेलोशिप देतात. त्यात डॉक्टरांसाठी वेगळी वाट आहे, पाच वर्षांची, पगारासकट. पण ती मिळते मोजक्यांना. बाकीच्यांची गाडी थिसिस बांधून झाला की थांबते. सकाळी ओपीडी, दुपारी इको, रात्री इमर्जन्सी. अर्ज लिहायचा कधी?

स्वीडनमधल्या गोथेनबर्गची गोष्ट मला नेहमी आठवते. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या तेव्हा हार्ट फेल्युअरमध्ये देणं म्हणजे धोका, असं पुस्तकंच सांगत होती. तिथल्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी त्याच गोळ्या देऊन पाहिल्या आणि १९७५ साली निष्कर्ष छापले. रुग्ण किती? सात. अनेकांनी विश्वास ठेवला नाही, आणि सातांवर का ठेवावा? मोठी खात्री व्हायला १९९९ उजाडलं. सुमारे चार हजार रुग्णांवरच्या मेरिट-एचएफ चाचणीत मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. २००१ साली कोपर्निकस चाचणीने अगदी गंभीर रुग्णांतही तेच दाखवलं. चार हजारांच्या चाचणीला औषध कंपनी पैसे घालते. तिचा माल विकायचा असतो. पण पहिल्या सातांजवळ बसणाऱ्या डॉक्टरचा पगार आधी कुणीतरी दिलेला असतो. आणि ज्या गोळ्या आता चार पैशांना मिळतात, त्या आपला पेशंट तिसऱ्या महिन्यात का सोडतो, हे शोधायला कुठली कंपनी येणार?

संशोधनाला पैसे देणाऱ्या एका समितीपुढे मी एकदा बसलो होतो, अर्जदार म्हणून. मशीनच्या खर्चाचा आकडा कुणाला खुपला नाही. "फोन करायला वेगळा माणूस कशाला? रेसिडेंट आहेत की!" असं एक सदस्य म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो, याची मला अजून लाज वाटते.

आमच्या विभागातली एक नवी व्याख्याती आता अर्ज भरते आहे. गंभीर हार्ट फेल्युअरचे दोनशे रुग्ण, घरी गेल्यावर वर्षभर कोण कुठल्या गोळ्या घेतं, कोणत्या आठवड्यात सोडतं आणि का. खर्चाच्या रकान्यात तिने सगळ्यात वर लिहिलंय: फोन करणारा माणूस, एक, पूर्ण वेळ. त्याखाली स्वतःसाठी आठवड्यातले दोन दिवस ओपीडीतून सुट्टी. पहिल्या फेरीतून अर्ज परत आला. दोन्ही ओळींखाली लाल रेघ आणि बाजूला शेरा: गरज स्पष्ट करावी. मुदत सोमवारपर्यंत आहे. काल ती माझी जुनी दोनशे पानी वही मागून घेऊन गेली.